राखणीची बंदूक

बंदूक माझ्या नावावर झाली त्या वर्षी मला एका जागी बसवेनासं झालं. मी शिलाईकाम करते. दिवसभर मशीनवर बसायचं हाच माझा धंदा, आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी माझी अशी गत झाली की एक बाही जोडली की उठायचं, दारात जायचं, नाल्यापलीकडच्या शेताकडं पाहायचं, परत यायचं. ब्लाउज शिवायला आलेल्या बाया विचारायच्या, "काय व, कोनाची वाट पाहून राह्यली?" मी म्हणायचे, कोणाची नाही.

आमचं गाव मोताळ्यापासून जवळ. शेत नाल्याच्या पलीकडं, आणि बांध संपला की जंगलखात्याचं रान सुरू. मका दाण्यावर आला की रानडुकरं उतरतात. कळप शिरला की खातो कमी आणि तुडवतो जास्त. त्याच्यासाठी बाबांनी तरुणपणी पीकसंरक्षणाचा परवाना काढून ठासणीची बंदूक घेतली होती. तिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासत तळापर्यंत न्यायची, आणि मागं टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एक बार झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या वस्तीत बंदूक आली तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली होती, असं आई सांगायची. पुढं ज्यांनी कुजबुज केली त्यांच्याच शेतात डुकरं शिरली की तेच बोलवायला यायचे. आत यायचे नाहीत. वस्तीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारायचे, आणि बाबा बंदूक घेऊन जायचे.

आता बाबांचे हात कापतात. चहाची बशी धरतानासुद्धा दोन्ही हात लागतात. परवाना वारसाच्या नावावर करायचं ठरलं तेव्हा पुण्यात कंपनीत असलेला भाऊ फोनवर म्हणाला, मला नको. मी सासर सोडून माहेरी आलेली. का आले ते इथं सांगायचं नाही. शेत मीच पाहत होते, तर बंदूकही माझ्याकडं आली. पोलिसांच्या मैदानावर जाऊन चालवायला शिकले, सर्टिफिकेट घेतलं. माझा नेम बरा निघाला. शिकवणारा म्हणाला, रोज सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचा डोळा आहे, चुकायचा नाही.

गोळ्या ओतण्याचं काम मात्र मला आधीपासून येत होतं. नळगंगा धरणावरचे भोई जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं आम्हाला देत. बाबा प्रत्येक तुकड्यावर नखानं ओरखडा काढून बघत. ओरखडा उठला तर शिसं मऊ, म्हणजे कामाचं. अंगणात चूल मांडून लोखंडी पळीत ते वितळवायचं. वर राखाडी साय येते, ती काढून टाकली की खाली आरशासारखं चकचकीत दिसतं. मोताळ्याच्या लेथवाल्या चाचांनी दोन फाळक्यांचा साचा करून दिलेला, त्यात ओतायचं. पहिल्या दोन-तीन गोळ्यांवर सुरकुत्या पडतात, कारण साचा थंड असतो. त्या परत पळीत. मग साचा तापला की एकेक गोळी अशी गुळगुळीत पडते की हातात घेऊन फिरवत बसावं. पाण्याचा थेंबही जवळ येऊ द्यायचा नाही. वितळलेल्या शिशात थेंब पडला की ते उसळून अंगावर येतं. बाबांच्या मनगटावर तसा डाग आहे.

आणि हेच बाबा रोज सकाळी बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणतात. पहिलंच शील जीव न घेण्याचं. कॉलेजात असताना मी एकदा त्यांना धरलं होतं. "सकाळी पाणातिपाता आन् संध्याकाळी गोळ्या, हे कसं काय जमते बाबा?"

ते हसले. "डुकराले कोन मारते? मी बांधाले मारतो. डुकराले फक्त आवाज."

"मंग गोळी काऊन भरता?"

"गोळी नसली तं बार फुसका निघते. फुसक्याले डुकरं भेत नाईत."

खरंच होतं ते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही जनावर मेलं नव्हतं. आमच्या बांधात मात्र शिसं किती असेल ते विचारू नका.

तर त्या वर्षी शेजारच्या शेतातल्या मावशीला डुकरानं फाडलं. नात्यातली मावशी नव्हे, गाव म्हणतं म्हणून मीही म्हणते. दिवसाढवळ्या कापूस वेचत होती. दोन ओळींच्या मधून फाटक्या कानाचा नर निघाला आणि सुळ्यानं तिची मांडी उघडी केली. आम्ही तिला तिच्याच लुगड्यानं बांधून रिक्षात टाकून बुलडाण्याला नेलं. माझ्या हाताखाली तिचं रक्त गरम लागत होतं आणि ती सारखी म्हणत होती, "माहा ओटीतला कापूस सांडला व, कोनी उचलला का?"

गाव पेटलं. सरपंच आणि चार माणसं वनखात्यात गेली आणि त्या डुकराला मारायची परवानगी घेऊन आली. परवान्याची बंदूक गावात एकच. या वेळी माणसं वस्तीच्या तोंडाशी थांबली नाहीत, आमच्या अंगणात येऊन बसली. बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते.

मी मावशीला भेटायला दवाखान्यात गेले. तिनं माझं मनगट धरलं. "तू मारशीन ना त्याले?"

"हाव," मी म्हटलं.

त्या दिवसापासून माझी बेचैनी वाढली. मारायचं हे ठरलं होतं, त्यात शंका नव्हती. पण कात्री हातात घेतली की कापड कापायच्या आधी मी दोनदा थांबायला लागले. एका गिऱ्हाइकाचा गळा मी उलटा कापला. जेवताना उठून बंदुकीच्या कपाटाचं कुलूप ओढून बघायचे. बाबा नुसते बघायचे.

एका संध्याकाळी आम्ही दोघांनी गोळ्या ओतल्या. पळी त्यांच्या हातात हलायला लागली, शिसं चुलीच्या दगडावर सांडलं आणि तिथंच चपटं होऊन थिजलं. मी पळी काढून घेतली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मारशीन तं मंग?"

"मंग काय?"

"काई नाई."

पहाटे तांबडं फुटायच्या आधी आम्ही अंगणात बंदूक भरली. दारू मी ओततो, असं बाबांनी आधीच सांगितलं होतं. हात कापतात म्हणून मी नको म्हटलं, तर चिडले. "इतकी वर्षं कोन वतली?" माझ्याकडं पाठ करून त्यांनी माप भरलं, नळीत उलटं केलं, मला बंदूक दिली. मी मांजरपाटाची चिंधी ठेवली, वर गोळी, आणि गजानं ठासत गेले. बंदूक नीट भरली की गज कुठपर्यंत बाहेर राहतो त्याची खूण बाबांनी त्यावर कोरून ठेवली आहे. अंधारात मला ती दिसली नाही. "बस्स, बसली," बाबा म्हणाले. टोप्यांची डबी मी ओच्यात घेतली आणि निघाले.

मक्याच्या कडेला आमचा माळा आहे, माणूसभर उंचीचा, चार बल्ल्यांवर बांधलेला. पण मका त्याहून उंच, माळ्यावरून नर दिसायचा नाही म्हणून मी खाली बांधाच्या आड बसले. हीच माझी हिंमत किंवा मूर्खपणा. पायांना मुंग्या येत होत्या, मी सारखी बूड हलवत होते, आणि प्रत्येक हलण्याबरोबर मक्याची पानं वाजली असं वाटत होतं.

उजाडल्यावर तो आला. एकटा होता. एक कान फाटलेला, पाठीवरचे केस उभे, तोंडात अर्धं कणीस. मी टोपी चढवली, घोडा मागं ओढला. नेम खांद्यामागं धरला. आश्चर्य म्हणजे त्या वेळी मी अगदी शांत होते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चाप दाबला.

टोपी फट्टकन फुटली. बस, तेवढंच. बार नाही, धूर नाही, धक्का नाही.

डुकरानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. मग ते माझ्या दिशेनं चार-पाच पावलं आलं. बार कधीकधी उशिरा उडतो, म्हणून नळी समोरच धरून ठेवायची असं शिकवलेलं. मी धरून ठेवली. दुसरं काही सुचतही नव्हतं. त्यानं नाकानं हवा ओढली, ती मला ऐकू आली. तोंडातलं कणीस टाकलं, आणि वळून रानात गेलं.

ते गेल्यावर बऱ्याच वेळानं मी दुसरी टोपी लावून पाहिली, तिसरी लावून पाहिली. नुसतं फट्ट. शेवटी नळी आभाळाकडं धरून, जन्मात नाही चालले इतकी हळू चालत घरी आले. रस्त्यात भेटणाऱ्याला लांबूनच ओरडून सांगत होते, "दूर व्हा, भरेल हाये!"

बाबा दारातच उभे होते. बार झाला नाही हे त्यांना माहीत होतं. मी काय झालं ते सांगितलं तेव्हा ते एकदम खाली बसले. "तुह्या अंगावर आलं?" त्यांनी दोनदा विचारलं.

"आलं होतं. गेलं परत. दारू सर्दावली असंन."

त्यांनी माझ्या हातांकडं, पायांकडं नीट पाहून घेतलं.

भरलेली बंदूक घरात ठेवता येईना. मी ती अंगणात भिंतीला टेकवून नळी वर करून ठेवली आणि स्वतः तिच्यापुढं येरझाऱ्या घालत राहिले. शेजारची पोरं हाकलली, कोंबड्या हाकलल्या. तेवढ्यात पोलीस ठाण्याचे जमादार मोटारसायकलवर आले. निवडणूक लागली होती. परवान्याच्या सगळ्या बंदुका आजच्या आज ठाण्यात जमा करायच्या.

"ताई, यंदा शेतीच्याही जमाच," ते म्हणाले. "द्या, पावती फाडतो."

"साहेब, ती भरेल हाये."

पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला. "म्हंजे?"

"उडत नाई. आन् भरेल हाये."

"भरेल बंदूक मी गाडीवर कशी नेऊ? ठाण्यात तरी कशी ठेवू? काहाडा ना ती गोळी."

काढायचं साधन होतं. चाचांनी गजाच्या टोकाला बसणारा एक पेच करून दिला होता. तो शिशात फिरवून रुतवायचा आणि गोळी ओढून काढायची. आधी नळीत पाणी घालायचं, म्हणजे खालची दारू मरते. मी पाणी घातलं, टोपीच्या बाजूनंही घातलं. जमादार आमच्या म्हशीच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. पेच शिशाला लागला तेव्हा दात करकरावेत तसा आवाज आला. मी ओढते, निघेना. बाबा उठून आले, त्यांनी नळी मांड्यांत धरली, मी दोन्ही हातांनी गज ओढला आणि गोळी चिंधीसकट अशी सुटली की मी मागं जाऊन पडले.

बंदूक उलटी केली. काळं पाणी यायला हवं होतं. दारू भिजली की शाईसारखं काळं पाणी येतं. आलं ते हंड्यातल्यासारखं स्वच्छ.

जमादार म्हशीमागून पुढं आले, वाकून बघितलं आणि मोठ्यानं हसले. "अवो ताई, दारूच नाई हिच्यात! दारू टाकाची इसरून गेल्या तुमी!"

मी बाबांकडं पाहिलं. ते जमिनीवरच्या पाण्याकडं बघत होते.

जमादार बंदूक घेऊन, पावती देऊन गेले. जाईपर्यंत हसत होते. गाडीचा आवाज संपला तसं मी विचारलं, "इसरले का तुमी?"

"नाई."

"मंग?"

"टाकली नाई मी. माप रिकामंच होतं."

"काऊन?"

"माह्या हातानं भरलेल्या बंदुकीनं तू जीव घेशीन, हे मले सोसेना. म्हटलं, उडनार नाई, डुक्कर पळून जाईन, तू घरी येशीन. इतकंच."

"आन् अंगावर घेतलं असतं त्यानं मले? मी हातात लाकूड घेऊन बसली होती बाबा! मावशीची मांडी पाह्यली नाई तुमी, मी पाह्यली!"

"हे माह्या ध्यानातच आलं नाई व," ते म्हणाले. तोंड इतकं उतरलेलं की मला आणखी राग आला. मी ओरडले. मेणबत्ती, शील, सगळं काढलं. मी इतकं कधी त्यांना बोलले नव्हते. मग घरात जाऊन मशीन सुरू केलं आणि कापड नसताना नुसतं पायडल मारत राहिले.

त्या दिवसानंतर आम्ही बोललो ते कामापुरतं. गोष्ट गावात फिरलीच. जमादारांनी ती मोताळ्याच्या चहाच्या टपरीवर सांगितली होती. मी दारू विसरले, अशी ती होती. मी ती तशीच राहू दिली. मका निम्मा गेला. राहिला तो काढला.

फक्त मावशीला मी खरं सांगितलं. ती काठी घेऊन घरी परतली होती, ओट्यावर पाय पसरून बसली होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुह्या बापानं पुण्य कमावलं. पाय माहा गेला." तिनं ते चिडून म्हटलं नाही, म्हणूनच मला तिथं बसवेना.

घरी येऊन मी ते वाक्य बाबांना जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं काही कारण नव्हतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "ती खरी बोलली."

निवडणूक झाली, बंदूक परत आली. थंडीत नर पुन्हा दिसायला लागला, आता हरभऱ्यात. वनखात्यानं परवानगी वाढवून दिली. या वेळी दारू मी ओतली. बाबा समोर बसून होते. उजेडात गजावरची खूण मी त्यांना दाखवली, त्यांनी मान हलवली.

तो पडला सकाळच्या दवात, पहिल्याच बाराला. धूर निवळेपर्यंत मला वाटलं चुकला. मग हरभरा हलताना दिसला, आणि हलायचा थांबला. मला वाटलं होतं आता छातीतला घोर उतरेल. उतरला नाही. मी त्याच्याभोवती फिरत राहिले, जवळ जाववेना, लांब जाववेना. नंतर कोणीतरी माझ्या हातातली बंदूक घेतली तेव्हा कळलं की बोटं आखडली आहेत.

जंगलखात्याची माणसं आली, पंचनामा केला, खड्डा खणायला सांगितलं. सगळ्यात आधी फावडं घेऊन आले ते बाबा. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "हे तं करू दे." कापऱ्या हातांनी माती निम्मी फावड्याबाहेर सांडत होती, तरी खड्डा बुजेपर्यंत थांबले नाहीत.

खड्डा बुजायच्या आधी मावशी काठी टेकत आली होती. वाकून पाहत राहिली.

"हेच का?"

"हेच. कान पाह्य ना, फाटेल हाये."

"लहान दिसते व," ती म्हणाली. "मले म्हशीएवढं वाटलं होतं."

डुकरं पुढच्या वर्षीही आली. एक मेला म्हणून रान काही रिकामं होत नाही. मका मात्र मी लावला नाही. रब्बीत मावशीच्या आणि माझ्या शेताच्या बांधाच्या कडेनं आम्ही दोघींनी करडई पेरली. करडईला काटे असतात, डुक्कर त्यात तोंड घालायला कचरतं. मावशी लंगडत बी टाकत होती, मी मागून माती ओढत होते. मध्येच कंबर सरळ करून ती म्हणाली, "तुह्या बापाले सांगजो, काट्यानं कोनी मरत नाई."

घरी येऊन सांगितलं. बाबा चहा पीत होते. त्यांनी बशी दोन्ही हातांनी खाली ठेवली आणि विचारलं, नाल्याकडची बाजू पेरली का राहिली.

"राह्यली," मी म्हटलं.

"मंग उद्या मी येतो," ते म्हणाले.